जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमलाबाई सोहोनी

दुधात पाणी आहे असे गिऱ्हाइकाने म्हणावे आणि नाही असे गवळ्याने म्हणावे, हा वाद आपल्या घरांच्या उंबरठ्यावर पुष्कळदा होतो. दोन्ही बाजूंनी शपथा वाहिल्या जातात, आवाज चढतात आणि अखेर ज्याचा घसा दणकट त्याची सरशी होते. अशा वेळी कोणी त्यातले पेलाभर दूध शांतपणे बाजूला काढले, ते तपासले आणि आकडा पुढे ठेवला, तर बोलण्यासारखे फारसे उरत नाही. पदार्थात काय आहे व किती आहे हे शोधून काढण्याच्या या विद्येला रासायनिक पृथक्करण म्हणतात. दूध, डाळ, रक्त, माती, विहिरीचे पाणी, झाडाचे पान यांसारख्या जिवंत सृष्टीतल्या व भोवतालच्या वस्तूंचे पृथक्करण तर विशेष कठीण असते. त्यांत शेकडो द्रव्ये एकत्र नांदत असतात आणि तपासणीच्या आधीच ती बिघडूही लागतात. या विद्येत सारे आयुष्य वेचणाऱ्या एका मराठी स्त्रीची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्यांचे नाव डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूर येथे जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने १९०९ साली जी विज्ञानसंस्था स्थापन झाली, तिच्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. त्यामुळे परीक्षानळी, तराजू आणि चंचुपात्र हे शब्द कमलाबाईंच्या कानांवर लहानपणापासून पडले असणार. थोरली बहीण दुर्गा हिने वेगळी वाट धरली. लोकसाहित्याच्या अभ्यासक, लेखिका आणि १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षा म्हणून ज्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो, त्या दुर्गाबाई भागवत याच. एका घरातल्या दोन बहिणींपैकी एकीने शब्दांचा शोध घ्यावा आणि दुसरीने पदार्थांचा, हा योग आम्हांला फार मनोज्ञ वाटतो.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता व पदार्थविज्ञान दुय्यम. त्या काळी आमचा धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत असे आणि येथील कर्नाटक कॉलेजही त्याच विद्यापीठाला जोडलेले होते. कर्नाटक विद्यापीठाची स्थापना पुढे १९४९ साली झाली. म्हणजे त्या वर्षी धारवाडातून जी मुले पदवीधर झाली, त्यांच्या आणि कमलाबाईंच्या पदवीपत्रांवर एकाच विद्यापीठाचे नाव होते.

इतके यश पदरी असल्यावर वडिलांच्या व चुलत्यांच्या संस्थेत आपल्याला सहज प्रवेश मिळेल असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. त्यांनी बंगळूरला अर्ज पाठविला आणि तो नाकारला गेला. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी देशाची मान उंचावली होती, हे सर्वश्रुत आहे. मात्र बायकांनी संशोधन करावे हे त्यांना मान्य नव्हते. नकाराला मार्कांचे वा तयारीचे कारण नव्हतेच. अर्जदार स्त्री आहे एवढेच कारण होते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा निकाल चमत्कारिकच म्हणावा लागेल, कारण नमुना न तपासताच तो देण्यात आला होता.

कमलाबाईंनी तो मानला नाही. आज हुबळीहून रात्री गाडीत बसले की सकाळी बंगळूर येते. त्या काळी मुंबईच्या मुलीला तो प्रवास बराच लांबचा होता. तरी त्या तेथे गेल्या, संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि कारण विचारले. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. प्रवेश मिळेपर्यंत आपण दाराशी सत्याग्रह करू, असे त्यांनी सांगितले व तसे केलेही. अखेर रामन नमले, पण अटी घालूनच. पहिले वर्ष परीक्षेचे राहील; संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नाही; मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल; आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होईल असे काही घडता कामा नये. यांतली शेवटची अट वाचून आजच्या आमच्या विद्यार्थिनींना हसू येईल. ज्या मुलीला ती मान्य करावी लागली, तिला मात्र ती हसण्याजोगी वाटली नाही. पुढे कित्येक वर्षांनी, आपल्या सत्काराच्या प्रसंगी, कमलाबाईंनी स्पष्टच सांगितले की रामन थोर शास्त्रज्ञ खरे, परंतु या बाबतीत त्यांचे मन संकुचित होते आणि तो अपमान आपण विसरू शकलो नाही. थोर माणसांच्या थोरपणाला असे कोपरे असतात. चरित्रे लिहिताना ते झाकून ठेवण्याची रीत आहे. आम्हांला ती पसंत नाही.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक पण न्यायी गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाई पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करू लागल्या. विषय होता दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिने.

आता प्रथिने मोजतात कशी? आपल्या घरी मुगाची उसळ होते, तुरीचे वरण होते, आणि ज्याला आमच्याकडे कानडीत हुरळी म्हणतात त्या हुलग्याचे सारही होते. या धान्यांत प्रथिने भरपूर असतात असे पुस्तकांत आपण वाचतो. पण प्रथिन काही डोळ्यांनी दिसत नाही. त्या काळची सर्वमान्य रीत योहान केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली काढलेली होती. कोपनहेगनच्या एका मद्यनिर्मितीच्या कारखान्याला जोडलेल्या प्रयोगशाळेत तो काम करीत असे. धान्याचे तोलून घेतलेले पीठ जळजळीत गंधकाम्लात उकळावयाचे. पिठाचे सारे रूप नष्ट होते, पण त्यातला नत्र अमोनियाच्या क्षाराच्या रूपाने मागे राहतो. मग त्यात अल्कली घालून अमोनिया वायू हाकलावयाचा, तो मोजून घेतलेल्या आम्लात पकडावयाचा आणि किती आम्ल खर्ची पडले हे ब्युरेटने थेंब थेंब मोजून काढावयाचे. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो. म्हणून नत्राच्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा आकडा येतो.

रीत मोठी सुबक आहे, परंतु तिच्यात एक खोच आहे. आम्लात उकळताना जो नत्र सापडतो तो सगळाच प्रथिनांतून आलेला असतो असे नाही. कडधान्यांत प्रथिनांखेरीज दुसरीही नत्रयुक्त द्रव्ये असतात. त्यांचा नत्र प्रथिनांच्या खात्यावर मांडला तर डाळ आहे त्याहून पौष्टिक ठरते, आणि तिच्या भरवशावर आहार आखणाऱ्याची फसवणूक होते. हा प्रथिनेतर नत्र वेगळा काढून मोजणे हे कमलाबाईंचे आरंभीचे एक काम. त्यावरचा त्यांचा व श्रीनिवासय्यांचा निबंध १९३५ साली इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबाच्या ताटातली डाळ आणि विलायतेतले नामांकित नियतकालिक यांची सांगड एका विशीतल्या मुलीने घातली, तीही तिच्यावर अविश्वास दाखवून तिला आत घेतल्यानंतर दोनच वर्षांत.

परीक्षेचे वर्ष संपताच रामन यांचे समाधान झाले होते. कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली आणि संस्थेची दारे इतर मुलींनाही खुली झाली. १९३६ साली त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या, आणि पुढल्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या.

केंब्रिजमध्ये तेव्हा जीवरसायनशास्त्राचे अध्वर्यू सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. अन्नात प्रथिने, पिष्टे व स्निग्धे यांखेरीज आणखीही काही अत्यल्प पण अत्यावश्यक द्रव्ये असतात, हे दाखवून देणाऱ्यांत ते अग्रणी होते आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत इतकी गर्दी असे की जागा मिळणे मुष्किलीचे होते. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने कमलाबाईंना आपल्या खोलीतले एक टेबल दिवसा वापरावयास दिले. रात्री तो त्याच टेबलावर झोपत असे, अशी कथा सांगतात. बंगळूरला दारातच अडविले गेले आणि केंब्रिजला निजावयाचे टेबलही मिळाले, हा फरक त्यांच्या मनात राहिला असल्यास आश्चर्य नाही. रिश्टरबरोबर त्यांनी प्राण्यांच्या शरीरातील विकरांवर काम केले. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. पुढे रिश्टर तेथून गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींकडे वळल्या.

येथे थोडे थांबून सायटोक्रोमची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपण श्वास घेतो तो प्राणवायू पेशींपर्यंत पोचतो व तेथे अन्नाचे सावकाश ज्वलन होते. या ज्वलनात मध्यस्थाचे काम करणारी काही रंगीत लोहयुक्त द्रव्ये केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली उजेडात आणली. त्यांना सायटोक्रोम म्हणतात. ती ओळखण्याची युक्ती मोठी नामी आहे. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की त्याचे सात रंग होतात, हे आपण शाळेत पाहतो. तोच प्रकाश आधी पेशींच्या द्रावणातून नेला आणि मग वर्णपटदर्शकातून पाहिला, तर रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा उमटतात. त्या द्रव्याने गिळलेल्या प्रकाशाच्या त्या खुणा होत. सायटोक्रोम-क ची ठळक रेघ हिरव्या रंगात, सुमारे ५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर येते. प्राणवायू मिळाला की ती पुसट होते आणि तो तोडला की पुन्हा ठळक होते. नमुन्याला धक्का न लावता, नुसत्या नजरेने त्याच्या अंतरंगात चाललेली देवघेव पाहता येते.

वनस्पतींतही सायटोक्रोम असतो असे केलिन यांनी म्हटले होते. परंतु वनस्पतींचे श्वसन खरोखर त्याच्याच मार्गाने चालते काय, त्याला प्राणवायूशी जोडून देणारे विकर तेथे आहे काय, हे प्रश्न सुटलेले नव्हते. आणि वनस्पतींचे नमुने हट्टी असतात. बटाटा चिरून ठेवला की तो काळा पडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हा काळेपणा दुसऱ्याच एका विकराचा उपद्व्याप असतो, आणि जेथे रंगांवरून निदान करावयाचे तेथे नको असलेला रंग चढणे म्हणजे साक्षीदाराने कोर्टात भलतीच साक्ष देणे होय. अशा अडचणींतून वाट काढीत कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशीजालात सायटोक्रोमची साखळी काम करते हे दाखविले. १९३९ साली हिल व त्यांच्या नावाने सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम-ऑक्सिडेज या विकराविषयीचे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात आले. काही लेखांत सायटोक्रोम-क यालाच विकर म्हटलेले आढळते. ते नेमके नव्हे. सायटोक्रोम हा वाहक आहे आणि ऑक्सिडेज हे विकर. एवढा भेद आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षी केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. सुमारे सव्वा वर्षाचे काम आणि टंकलिखित पाने अवघी चाळीस! प्रबंधाचे वजन पानांवर ठरत नाही याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. विज्ञानात डॉक्टरेट मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती, तेव्हा तो उल्लेख जपूनच करावा. कमलाबाईंची थोरवी अशा पहिलेपणावर अवलंबून आहे असेही आम्हांला वाटत नाही.

परदेशातच राहून पुढे जाणे त्यांना कठीण नव्हते. तरी १९३९ सालीच त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि नंतर निलगिरीतल्या कुन्नूर येथील आहारसंशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ असलेल्या माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ गेला.

मुंबईत त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. कच्ची डाळ खाल्ली तर पोट का बिघडते? डाळीत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडविणारी द्रव्ये असतात; ती असेपर्यंत प्रथिने पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. भारतीय अन्नपदार्थांतील अशा द्रव्यांचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात कसून अभ्यास केला. भिजवून नीट शिजविल्याने ही द्रव्ये बव्हंशी निकामी होतात. आजीबाई जे पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर करीत आल्या, त्याचे कारण असे परीक्षानळीत सापडले.

दुसरा मोठा विषय नीरेचा. ताडामाडांचा ताजा रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी तो हाती घेतला. पृथक्करण करणाऱ्याला नीरेइतका त्रास देणारा नमुना क्वचितच असेल. झाडावरून उतरली की काही तासांत ती आंबू लागते आणि तिची ताडी होते. म्हणजे जे तपासावयाचे तेच हातात असताना बदलत असते. नमुना कोठे, कोणत्या वेळी घेतला, तो थंड ठेवला की नाही, प्रयोगशाळेपर्यंत पोचावयास किती वेळ लागला, या गोष्टींना येथे उपकरणाइतकेच महत्त्व येते. क जीवनसत्त्व मोजण्याची त्या काळची रूढ रीतही सांगण्यासारखी आहे. एका निळ्या रंगद्रव्याचे द्रावण घ्यावयाचे. क जीवनसत्त्व त्याचा रंग घालविते. आम्लयुक्त नमुन्यात हे द्रावण थेंबाथेंबाने सोडीत राहिले आणि फिकी गुलाबी छटा टिकून राहिली, की नमुन्यातले जीवनसत्त्व संपले असे समजावे आणि ब्युरेटवरचा आकडा वाचावा. नीरेत क जीवनसत्त्व व लोह चांगल्या प्रमाणात असल्याचे कमलाबाईंना आढळले. आदिवासी भागांतील कुपोषित मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्याने त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. दूध नासू नये म्हणून काय करावे याविषयी मुंबईच्या आरे दुग्धयोजनेलाही त्यांचा सल्ला मिळत असे.

इतके सारे झाल्यावरही संस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. त्यांचा हक्क असताना चार वर्षे ते लांबले, आणि कारण पुन्हा तेच होते. १९३३ साली जो निकाल नमुना न तपासता दिला गेला, तोच तीस वर्षांचा नमुना समोर असतानाही पुन्हा दिला जावा, याला काय म्हणावे? पहिल्या वेळी अज्ञान होते असे म्हणून सोडून देता आले असते. अखेर त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या त्या पहिल्याच महिला संचालक म्हणून केंब्रिजच्या रिश्टर यांनीही त्यांचे कौतुक केले.

निवृत्तीनंतरचा त्यांचा उद्योग आम्हां सामान्य माणसांना सर्वांत जवळचा आहे. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली होती. कमलाबाई तीत उत्साहाने काम करू लागल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. अन्नातील भेसळीविरुद्ध १९५४ चा कायदा होता, ज्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. परंतु कायद्याला पुरावा लागतो आणि पुरावा पृथक्करणातून येतो. खव्यात पिठूळ द्रव्य मिसळले असेल तर थोडा खवा पाण्यात उकळून, थंड करून, त्यावर आयोडिनचे दोन थेंब टाकावे. निळा रंग आला की लबाडी उघडी पडते. पेढ्यासाठी नावाजलेल्या आमच्या धारवाडच्या मुलांना तरी हा प्रयोग यावयासच हवा. डाळीला वा हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी मेटॅनिल यलो नावाचा अपायकारक रंग लावलेला असेल, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने तो गुलाबी होतो. हा प्रयोग मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच करावा. ज्या हातांनी केंब्रिजला वर्णपटातल्या रेघा टिपल्या, ते हात उतारवयात बाजारातल्या भेसळीचा समाचार घेऊ लागले. मुलांसाठी त्यांनी मराठीत विज्ञानाची पुस्तकेही लिहिली.

आयुष्याच्या अखेरच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्लीत त्यांच्या गौरवाचा समारंभ केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई त्यांच्या मागे चार वर्षे होत्या.